बिराजदार मॅडमचं ‘माहीत नाही’

“ही मी नाही,” असं म्हणून बिराजदार मॅडमनी हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवून दिला.

मला रागच आला. मुलाखत मी स्वतः एडिट केलेली, आणि चांगली झालेली. मी म्हटलं, “मॅडम, आवाज तुमचाच आहे. बाहेरचा एक शब्दही घातलेला नाही.”

“शब्द माझेच आहेत हो. पण इतक्या खात्रीनं मी काही बोललेच नव्हते.”

कार्यक्रम त्याच संध्याकाळी लागणार होता. सकाळपासून आम्ही त्याची जाहिरात वाजवत होतो. काचेपलीकडं आमचे केंद्रप्रमुख वट्टमवार सर चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांना आतलं ऐकू येत नव्हतं, पण पाहुणीनं असा हेडफोन काढला की काहीतरी बिनसलंय, एवढं रेडिओतल्या माणसाला कळतं. ते कप घेऊन तसेच आत आले.

आता थोडं मागचं सांगते. मी अंजुम. नांदेडच्या एका कॉलेजच्या आवारात आमचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. म्हणजे छोटं एफएम. पल्ला शहराचा आणि आजूबाजूच्या गावांचा. त्यापुढच्या लोकांनी मोबाईलवर ऐकायचं. मी तिथं प्रोड्युसर आहे. प्रोड्युसर म्हटलं की लोकांना सिनेमाचा वाटतो. आमच्याकडं प्रोड्युसर म्हणजे पाहुणा शोधायचा, त्याला ऑटोनं घेऊन यायचं, त्याचं चहापाणी बघायचं, रेकॉर्डिंगमध्ये घरघर येऊ नये म्हणून पंखा बंद करून घामाघूम व्हायचं, आणि मग एकटीनं बसून सगळं कापायचं. माझ्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते बिघडलेले सेट जोडायचे, मी बोललेलं जोडते. धंदा एकच म्हणायला हरकत नाही.

‘उद्या कसा असेल’ नावाची आमची एक मालिका आहे. आपल्याच भागातले, पण आता कुठं कुठं जाऊन संशोधन करणारे लोक बोलवायचे आणि त्यांच्याशी विज्ञान, समाज, माणसाचं पुढं काय होणार, यावर गप्पा मारायच्या; प्रश्न मीच विचारते. कल्पना सरांची. मी आधी नाक मुरडलं होतं. आमच्याकडं संशोधक म्हटलं की लोकांना पहिली शंका ही येते, की नोकरी लागली नाही म्हणून अजून शिकून राहिलाय. पण एकेक माणूस समोर बसायला लागला आणि माझं मत बदललं. इस्लापूरकडची एक मुलगी आली, ती कॉम्प्युटरवर पावसाची मॉडेल बांधते. देगलूरच्या बाजूचा एकजण आला, तो सीमेवरच्या गावांत फिरून मराठी, तेलुगू, कन्नड मिसळलेले जुने शब्द गोळा करतो. स्वतःचे पैसे घालून करतो आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. अशा माणसांसमोर तासभर बसलं की पुढचे दोन-चार दिवस बरे जातात. पगार बेताचा असूनही मी ही नोकरी सोडत नाही, त्याचं खरं कारण हेच आहे.

मालिकेची एक ठरलेली रीत आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच विचारायचा: ‘शंभर वर्षांनी माणूस कुठं असेल?’ उत्तरं झकास येतात. कुणी माणसाला मंगळावर धाडतं, कुणी जमिनीखाली राहायला नेतं. श्रोत्यांना हा शेवटच सगळ्यांत आवडतो.

डॉ. मंगल बिराजदार भूकंपाच्या अभ्यासक. मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या, निलंग्याकडच्या. आता बाहेरच्या एका संस्थेत असतात. त्या हिवाळ्यात त्या मुद्दाम आमच्या भागात आल्या होत्या, कारण उमरीच्या वाटेवरच्या काही गावांत जमिनीतून आवाज येत होते. दूर कुठंतरी दगडांचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज, मग पत्र्यांची थरथर, मांडणीवरची भांडी वाजायची, आणि पुन्हा सगळं गप्प. मॅडमनी तिथं जमिनीचे हादरे मोजणारी यंत्रं बसवली होती. लोक तोवर घराबाहेर निजायला लागले होते. त्यात मोबाईलवर एक मेसेज फिरत होता, की परदेशातल्या कॉम्प्युटरनं मोठ्या भूकंपाचा वार आणि वेळ सांगितलीय.

त्याच आठवड्यात गयाबाईंचा व्हॉइस मेसेज आला. गयाबाई आमच्या जुन्या श्रोत्या. मजुरीनं दुसऱ्याच्या रानात जातात, आणि कापूस वेचताना फोन पदराला बांधून आमचा कार्यक्रम ऐकतात. एरवी त्यांचा मेसेज म्हणजे गाण्याची फर्माईश किंवा आमच्या निवेदकाची टिंगल. या वेळी आवाज वेगळा होता.

“रेडिओवाल्या ताई, त्या भूकंपवाल्या बाई तुमच्याकडं येणार हायत म्हणं. त्यान्ला माझं एवढंच इचारा. सून ओली बाळंतीण हाय. चार रोज झाले, लेकराला घेऊन अंगणात निजून राहिलो. थंडी लई हाय. लेकराची छाती वाजून राहिली. आत न्यावं तर भिंतीकडं बघून जीव घाबरा होतो. घरात निजावं का अंगणात, तेवढं सांगा.”

मी तो मेसेज दोनदा ऐकला. मलाही तेच विचारायचं होतं, आणि अजून शेकडो घरांत लोक तेच विचारत असणार.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मॅडम स्टुडिओत आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी छताकडं पाहिलं. मग भिंतीच्या कोपऱ्याकडं पाहिलं. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाल्या, “काही नाही, सवय आहे. लग्नाला गेले तरी आधी हॉलचे खांब बघते.” तिथंच आमची गट्टी जमली.

गप्पा छान झाल्या. मी त्या मेसेजचा विषय काढला. म्हटलं, “हल्ली कॉम्प्युटर काय काय ओळखतो. भूकंप नाही का ओळखणार?”

त्या म्हणाल्या, “यंत्राला मागचं भरपूर दाखवलं, तर ते पुढचं ओळखायला शिकतं. चेहरे ओळखतं, कारण चेहरे ढिगानं मिळतात. आपल्या या भागात मोठे भूकंप इतके क्वचित होतात, की त्याला दाखवायला मागचं फारसं नाहीच. आपण मोजायला लागलो काल-परवा, आणि जमीन वागते हजारो वर्षांच्या हिशोबानं. पुढं कधी जमेल का?” इथं त्या थांबल्या. छताकडं बघत राहिल्या. “माहीत नाही. प्रयत्न चाललेत. मीही करते. पण माहीत नाही.”

मी विचारलं, “मग तुमच्या शास्त्राचा सामान्य माणसाला उपयोग काय?” हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. काहींना राग येतो.

त्यांना आला नाही. म्हणाल्या, “भूकंपाचं अर्धं शास्त्र जमिनीखाली आहे. उरलेलं अर्धं गवंड्याच्या हातात आणि घरमालकाच्या ऐपतीत आहे. मला आधी वाटायचं, आपण फक्त खालचं अर्धं बघायचं. आता तसं वाटत नाही.”

मग त्यांनी स्वतःच्या घराची गोष्ट सांगितली. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्या प्राथमिक शाळेत होत्या. त्यांचं घर माळवदाचं. माळवद म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचं धाबं. आमच्याकडची जुनी घरं तशीच असतात, उन्हाळ्यात गार. त्याची एक रीत असते: पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. त्यांचे आजोबा ही माती दरवर्षी स्वतः टाकायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

“घर पक्कं राहावं म्हणून टाकायचे,” मॅडम म्हणाल्या. “वर्षानुवर्षं. कुणी त्यांना सांगितलंच नाही, की ते घराच्या डोक्यावर ओझं चढवतायत.”

आजोबांचं काय झालं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

नंतर त्यांनी आणखी एक सांगितलं. मोठ्या हादऱ्यानंतर त्यांच्या गावात कुणी एक जाणकार म्हणवणारा माणूस आला आणि ठणकावून सांगून गेला, की आता काही होत नाही, बिनधास्त राहा. पुढच्याच दिवसांत पुन्हा हादरे बसले. तेव्हापासून गावात कुणी शास्त्राचं नाव घेऊन काही सांगायला आलं, की लोक उठून जायचे. “त्यात माझे वडील पण होते,” त्या म्हणाल्या. “मी याच विषयात शिकते म्हटल्यावर ते सहा महिने माझ्याशी धड बोलले नाहीत.”

शेवटचा ठरलेला प्रश्न विचारला, तर त्यांनी हात जोडले. “मला उद्याचं सांगता येत नाही. शंभर वर्षांचं काय विचारता?” मी खूप आग्रह केला. त्यांनी उत्तर दिलं नाही ते नाहीच.

आता माझ्या कामाकडं येते. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, डेड एअर. रेडिओवर काही सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर त्याला डेड एअर म्हणतात, आणि ते पाप समजलं जातं. टीव्हीवर माणूस गप्प बसला तरी त्याचा चेहरा दिसतो. रेडिओवर माणूस गप्प बसला की तो नाहीसाच होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, स्टेशन बंद पडलं. अब्बांच्या दुकानात एक गिऱ्हाईक असाच चांगला सेट घेऊन आलं होतं, आवाज येत नाही म्हणून. अब्बांनी कान लावला आणि म्हणाले, “सेट अच्छा है मियाँ, उधर बोलनेवालाच चुप बैठा है.” म्हणून आम्ही मुलाखतीतले थांबे कापतो. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘माहीत नाही, पण’ अशी सगळी अडखळ काढून टाकतो. कुठं कापलंय ते कळू द्यायचं नाही, यात एडिटरचं कसब.

मी कसबानं कापलं होतं. मोठा भूकंप येईल का, या प्रश्नाला मॅडमचं मूळ उत्तर असं होतं: एक लांब थांबा, मग “माहीत नाही”, मग “बहुतेक वेळा असे छोटे आवाज काही दिवसांनी थांबतात”, मग “पण कधी कधी नाही थांबत, सांगता येत नाही.” माझ्या कापणीनंतर उरलं ते एवढंच: “बहुतेक वेळा असे छोटे आवाज काही दिवसांनी थांबतात.” खणखणीत, स्वच्छ. ऐकणाऱ्याला धीर येईल असं.

सरांना ते फार आवडलं होतं. आणि नेमकं तेच ऐकून मॅडमनी हेडफोन काढला होता.

सर म्हणाले, “मॅडम, लोक थंडीत उघड्यावर झोपून राहिलेत. लेकरं आजारी पडून राहिलीत. त्यांना धीर द्यायचा, का ‘माहीत नाही’ ऐकवायचं?”

“धीर द्या की. पण माझ्या नावानं खोटा नको.”

“खोटं काय आहे त्यात? वाक्य तुमचंच आहे.”

“सर, या वाक्यावर विसंबून लोक आत गेले आणि दुसऱ्या दिवशी मोठा हादरा बसला, तर?”

“आणि तुमच्या ‘माहीत नाही’वर विसंबून बाहेरच राहिले आणि एखादं लेकरू न्यूमोनियानं गेलं, तर?”

सर चुकीचं बोलत नव्हते. मॅडमनाही ते पटलेलं दिसलं. मी मधेच गयाबाईंचा मेसेज लावला. म्हटलं, कुणासाठी भांडतोय ते तरी ऐका.

मॅडमनी तो डोळे मिटून ऐकला. मग म्हणाल्या, “या बाईंनी भूकंप कधी येणार असं विचारलंच नाही. घरात निजू का अंगणात, एवढंच विचारलंय. याचं उत्तर देता येईल मला. पण त्यासाठी त्यांचं घर कसं आहे ते कळायला पाहिजे. त्यांना फोन लावता येईल का? आणि रेकॉर्डिंग नको. लाईव्ह करू.”

लाईव्ह म्हणजे बोललेलं तसंच्या तसं हवेत जाणार. कात्री नाही. सरांनी कपाळाला हात लावला. “बाई घाबरून रडायला लागली तर? गावंच्या गावं ऐकून राहिली असतील.”

“रडू द्या,” मॅडम म्हणाल्या. “मी आहे ना तिथं.”

सर जरा वेळ येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी मला म्हणाले, “कर. पण डेड एअर नको. गाणं तयार ठेव. त्या अडकल्या की सोडून दे.”

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. मी मॅडमची ओळख करून दिली आणि फोन लावला. पलीकडं चुलीजवळ कुणीतरी खोकत होतं, आणि मधेच बाळाचा बारीक आवाज येत होता.

“मावशी, बिराजदार मॅडम समोर हायत. इचारा,” मी म्हटलं.

मेसेजमध्ये जे विचारलं नव्हतं, ते गयाबाईंनी पहिल्याच झटक्यात विचारलं. “मॅडम, मोठा भूकंप येणार हाय का न्हाई?”

मॅडम थांबल्या. त्यांची नजर छताकडं गेली. माझा हात गाण्याच्या बटनाकडं गेला. काचेपलीकडून सर बोटानं खुणावत होते: सोड, सोड. हवेत काहीच नव्हतं, फक्त गयाबाईंच्या फोनमधून चुलीतल्या लाकडाची तडतड. मला माझ्या सगळ्या नोकरीत एवढी लांब शांतता आठवत नाही. पण मॅडमचा चेहरा पाहून मी बटन दाबलं नाही. त्या अडकलेल्या नव्हत्या. त्या खरं शोधत होत्या.

“मावशी, मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“आँ?”

“मला माहीत नाही. जगात कुणालाच माहीत नाही. कुणी तुम्हाला वार-वेळ सांगत असंल, तर तो खोटं बोलून राहिलाय.”

“मंग तुमाला काय म्हाईत हाय?”

काचेपलीकडं सर खाली बसले. मॅडम मात्र हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच.

“मला भिंती कळतेत, मावशी. तुमचं घर कसलं हाय, सांगा.”

गयाबाईंनी सांगितलं. मागं जुनं माळवद. पुढं घरकुल योजनेतली एक विटांची खोली, वर पत्रे. दोन्हीच्या मधी बोळ.

“पत्र्यावर काय हाय?”

“दगडं हायत की. वाऱ्यानं पत्रे उडतेत म्हणून ठिवलेत.”

आमच्याकडं गावात कुठंही बघा, पत्र्यावर दगड असतातच. मी लहानपणापासून पाहत आलेय. त्यात बघण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

“केवढाले?” मॅडमनी विचारलं.

“हायत की पाट्या-वरवंट्यावाणी.”

“अन् त्याच्या खाली सुनेची बाज टाकायची म्हणता? जमीन जरा हलली की तेच पहिले खाली येतेत. उद्या उजाडलं की सगळे खाली काढा. सावकाश, एकेक.”

“मंग पत्रे उडतील की!”

“हे दिवस वावटळीचे न्हाईत. आत्ता जाड तारेनं पत्रे खालच्या लोखंडी अँगलला आवळून बांधा. उन्हाळ्याच्या आत हूक अन् नट मारून घ्या.”

“बरं. अन् बाज?”

“दगडं निघाले की बाज त्या पत्र्याच्या खोलीत न्या. बोळाच्या बाजूला टाकू नका, रस्त्याच्या बाजूला टाका, दाराजवळ. उशाला भांड्याची मांडणी नको. दार अडेल असं काही ठेवू नका. हललं, की लेकरू उचलायचं अन् बाहेर यायचं, एवढी वाट मोकळी पाहिजे.”

“म्हंजे आत निजावं?”

“त्या खोलीत निजा. सून अन् लेकरू दोघं. आजची एक रात्र अंगणातच काढा, पण बाज भिंतीपासून लांब ओढा अन् लेकराला छातीशी धरून झाका. छाती वाजते म्हणता, तर सकाळी दवाखान्यात न्या. दगडं दुसरं कुणी काढंल.”

“अन् मी? मी जाते की परत माळवदात निजायला. मला काय होतं, म्हातारीला!”

इथं मॅडमचा आवाज बदलला. “न्हाई मावशी. माळवदात कुणीच न्हाई. तुम्हीसुद्धा न्हाई. माझे आजोबा पण असंच म्हणायचे.”

गयाबाई म्हणाल्या, “बरं बाई. तू म्हणतीस तर न्हाई.” मघाशी त्या मॅडम म्हणत होत्या, आता तू म्हणाल्या. आमच्याकडं हा मान आहे, आणि तो सहजी मिळत नाही.

फोन ठेवला. रीतीप्रमाणे मी शेवटचा प्रश्न पुन्हा विचारला, जरा भीतभीतच. शंभर वर्षांनी माणूस कुठं असेल?

मॅडम म्हणाल्या, “तेही माहीत नाही. ते गयाबाईंचं नातवंड बघेल, नाहीतर त्याची लेकरं बघतील. जमीन तेव्हाही हलणार. आपण त्याच्या अंगावर काही पडू दिलं नाही, तर पुढचं ते बघेल.”

या मालिकेत मी मंगळापर्यंतची उत्तरं ऐकली आहेत. हे ऐकून माझे डोळे भरून आले, आणि निवेदिकेचे डोळे भरून येणं आमच्याकडं डेड एअरच्या खालोखाल वाईट समजतात. कार्यक्रम संपल्याची धून मी कशीबशी लावली.

त्यानंतर फोन सुरू झाले ते दोन दिवस थांबले नाहीत. सगळ्यांचं एकच: आमचं घर असं असं आहे, बाज कुठं टाकू? मॅडमनी मुक्काम वाढवला आणि जमतील तेवढ्यांना उत्तरं दिली. सरांनी स्वतःच्या घरचा डबा त्यांच्यासाठी आणायला सुरुवात केली. तोंडानं काही कबूल करायचं नाही, पण डबा आणायचा, ही सरांची पद्धत.

पुढं थंडी सरता सरता त्या गावांना एक हादरा बसला. आधीच्यापेक्षा मोठा, पण फार मोठा नव्हे. गयाबाईंचा फोन आला. नातू ठणठणीत होता. मागच्या माळवदाची बोळाकडची भिंत मात्र बसली होती. पत्र्याच्या खोलीला काही झालं नव्हतं.

सर उड्याच मारायला लागले. म्हणाले, “अंजुम, प्रोमो बनव. ‘आमच्या कार्यक्रमानं वाचवले तीन जीव!’ मॅडमचं एक वाक्य घे फोनवर.”

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी बाळाची चौकशी केली. मग विचारलं, “भिंत कुठं पडली? आत का बाहेर?”

“बोळात, बाहेरच्या अंगाला.”

“आणि ज्यांच्यावर आधी दगड होते ते पत्रे किती हलले?”

“ते कसं सांगणार, मॅडम?”

“मग दगड पडले असते का, आणि गयाबाई माळवदात असत्या तर त्यांना लागलं असतं का, हे मला माहीत नाही. ‘जीव वाचवले’ म्हणू नका. फार तर म्हणा, दगड काढले होते आणि कुणाला लागलं नाही.”

मी सरांना तसंच सांगितलं. ते बघतच राहिले. “या बाईला फुकटचं श्रेय सुद्धा घेता येत नाही,” म्हणाले, आणि मग खो खो हसले. प्रोमो झाला नाही.

पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. पत्र्यावरचे दगड काढा, हे मॅडमनी नवीन काही सांगितलं नव्हतं. पहिला आवाज झाला तेव्हाच ग्रामपंचायतीनं गावात भोंगा लावून हे सांगितलं होतं, असं मला मागाहून कळलं. तेव्हा एकानंही दगड काढला नव्हता. मी गयाबाईंना विचारलं, की मावशी, तेव्हा का नाही काढले?

गयाबाई म्हणाल्या, “तवा भोंग्यावर म्हणले, घाबरायचं काही कारण न्हाई, अन् पत्र्यावरचे दगडं काढा. आता तूच सांग ताई, घाबरायचं कारणच न्हाई तर दगडं कशाला काढावं? ही बाई म्हणली, मला म्हाईत न्हाई. तवा मी म्हणलं, बाप रे, ही खरं बोलून राहिली. उजाडताच समद्यात आधी दगडं काढली.”

तेव्हापासून मी ‘अं’ कापते, खोकला कापते, पाहुण्याचा फोन वाजला तर तोही कापते. ‘माहीत नाही’ कापत नाही, आणि त्याच्या आधीचा थांबाही तसाच ठेवते. वट्टमवार सर मात्र अजून प्रत्येक लाईव्हच्या आधी मला गाणं तयार ठेवायला सांगतात.